काळजी करणं आणि काळजी घेणं: महामारीच्या आणि युद्धाच्या भीतीतून वाट काढताना

मराठीत ‘काळजी’ हा शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो आणि दोन वेगळ्या वाटांनी जातो. एक काळजी करणं, दुसरी काळजी घेणं. २०२० साली प्रत्येक फोन संपताना आपण एकमेकांना ‘काळजी घ्या’ म्हणायचो आणि फोन ठेवला की काळजी करत बसायचो. त्या वर्षी मी कित्येक रात्री आकडे बघण्यात घालवल्या. आज किती रुग्ण, काल किती होते, कोणत्या देशात किती वाढले. आकडा वाढला की छातीत धडधड, कमी झाला तर ‘खरा असेल का?’ ही शंका. त्यातून माझ्या घरच्यांच्या सुरक्षिततेत तसूभरही भर पडत नव्हती. पुढे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला चढवला, तेव्हा आकड्यांची जागा नकाशांनी घेतली. रात्री मात्र तशाच सरत राहिल्या.

हा लेख अशा रात्रींसाठी आहे. संकट अजून दाराशी आलेलं नाही, पण मन मात्र त्यात बुडालेलं आहे, अशांसाठी तो मुख्यतः लिहिला आहे. जे प्रत्यक्ष बॉम्बहल्ल्याखाली किंवा विस्थापित होऊन राहत आहेत, त्यांची पहिली गरज निवारा, अन्न आणि सुरक्षितता ही असते. श्वासाचे व्यायाम त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

भीती खरी, माप चुकलेलं

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महामारी असल्याचं म्हटलं. त्या पहिल्या वर्षात जगभर चिंताविकार आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं याच संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. तरुण आणि स्त्रिया यांना सर्वाधिक झळ बसली. हे आकडे मी एवढ्यासाठी देतेय की ‘मीच एकटी कच्च्या मनाची’ असं वाटून कुणी गप्प बसू नये. ‘उगाच घाबरतोस’ असं कुणालाही म्हणू नका. धोका खरा होता आणि आहे. चुकतं ते भीतीचं माप.

ते का चुकतं, हे समजून घेतलं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डला. धोक्याची चाहूल लागली की आपला विचार पूर्ण होण्याआधीच तो शरीराला जागं करतो. अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात धडधडतं, श्वास उथळ होतो, पचन मंदावतं. पोटात गोळा येतो तो यामुळेच. समोर साप आला तर याहून चांगली व्यवस्था नाही. पळालो, वाचलो, थोड्या वेळात शरीर शांत झालं. महामारीत आणि युद्धाच्या भीतीत पळायला जागा नसते आणि ‘संपलं’ म्हणायचा क्षणही येत नाही. कोविडची जागतिक आणीबाणी ३० जानेवारी २०२० ला जाहीर झाली आणि ५ मे २०२३ ला मागे घेतली गेली. सापासाठी घडलेली यंत्रणा तीन वर्षांहून अधिक काळ चालू राहिली, तर झोप उडणं, चिडचिड होणं, वाचलेलं लक्षात न राहणं, मान-खांदे आखडणं हे सगळं ओघानेच येतं.

दुसरं कारण धोक्याच्या जातीत आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये मांडलं की धोका किती मोठा वाटतो, हे केवळ मृत्यूच्या शक्यतेवर ठरत नाही. आपल्या हातात नसलेला, एकाच वेळी अनेकांना गिळणारा धोका जास्त मोठा वाटतो. नवा आणि डोळ्यांना न दिसणारा धोकाही तसाच. अनोळखी विषाणू आणि अणुबॉम्ब या दोन्हींत हे सगळंच जुळून येतं. मग माप चुकतं आणि कधी कधी ते महागात पडतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत अनेकांनी विमान टाळून लांबचा प्रवास गाडीने केला. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या अंदाजानुसार पुढच्या १२ महिन्यांत त्यामुळे रस्त्यांवर सुमारे १,५०० जास्तीचे मृत्यू झाले. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण मला या घटनेइतकी दुसरीकडे कुठे पटली नाही.

दोन भीत्यांचे दोन स्वभाव

महामारी आणि युद्ध एका दमात म्हटली जातात, पण मनावर त्यांचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. आपल्याला नेमकी कोणती भीती धरून बसली आहे हे ओळखणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दोन्हींचे उपाय सारखे नाहीत.

महामारीत शत्रू शरीरात शिरतो आणि माणसांमार्फत येतो. म्हणून ही भीती आत वळते. घसा खवखवला, अंग तापल्यासारखं वाटलं, की मन तिथेच अडकतं. आपण जितकं बारकाईने शरीराकडे बघतो तितकं त्यात काहीतरी सापडत जातं, कारण शरीरात सतत काही ना काही चालूच असतं. शिवाय ज्यांच्या कुशीत धीर मिळायचा, तीच माणसं धोक्याची वाटू लागतात. यातलं दुःख आपण पुरेसं बोललोच नाही. या भीतीची एक जमेची बाजू आहे: करण्यासारखं काहीतरी असतं. लस, मास्क, खेळती हवा, हात धुणं. पण करण्याला ‘झालं’ म्हणायची जागा नसेल, तर त्याचंच व्यसन लागतं. २०२० मध्ये घरात येणारी प्रत्येक वस्तू आपण पुसून घेत होतो. विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो आणि वस्तूंना हात लावून संसर्ग होण्याची शक्यता कमी आहे, हे २०२१ पर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट झालं. तरी कातडी भेगाळेपर्यंत हात धुणारे लोक धुतच राहिले. माहिती बदलली, भीतीने लावलेली सवय तशीच राहिली.

युद्धाच्या भीतीत याच्या उलट होतं. क्षेपणास्त्र कुठे पडेल हे आपल्या हात धुण्यावर ठरत नाही. करण्यासारखं काहीच नसतं आणि रिकामं बसणं मनाला जमत नाही. मग ते बघत राहण्यालाच काम समजू लागतं. मी नजर हटवली आणि नेमकं तेव्हाच काही घडलं तर? अशा तऱ्हेने बातम्या बघणं म्हणजे पहारा देणं होऊन बसतं, आणि पहारेकऱ्याला झोपायची मुभा नसते. त्यात अपराधीपणाची भर पडते. ‘तिकडे मुलं मरताहेत आणि मी इथे हसतेय’ असं वाटून अनेक जण स्वतःला छोटेसे आनंदही नाकारतात. ज्यांनी पूर्वी युद्ध, दंगल किंवा स्थलांतर सोसलं आहे त्यांच्या बाबतीत तर दूरची बातमी जुनी जखम उघडते. घरातली वृद्ध व्यक्ती टीव्ही लागला की उठून आत जात असेल, तर त्यामागे काय आहे हे एकदा मायेने विचारून बघा.

अणुयुद्धाची धास्ती ही यातली सर्वांत कोंडणारी. ‘जगाच्या अंताला ९० सेकंद’ असा मथळा जानेवारी २०२३ मध्ये जगभर झळकला. तो अमेरिकेतल्या ‘बुलेटिन ऑफ द अॅटॉमिक सायंटिस्ट्स’ या नियतकालिकाच्या प्रतीकात्मक घड्याळाबद्दल होता. १९४७ मध्ये ते मध्यरात्रीला ७ मिनिटं कमी असं सुरू झालं, १९९१ मध्ये १७ मिनिटांपर्यंत मागे गेलं. राज्यकर्त्यांना आणि जनतेला जागं करण्यासाठी तज्ज्ञांनी काढलेला तो इशारा आहे. भूकंपमापकासारखं मोजमाप करणारं ते यंत्र नाही. त्या सेकंदांवरून आज रात्री झोपायचं की नाही, हे ठरवता येत नाही.

पायरी १: आधी शरीर शांत करा

घाबरलेल्या शरीराला मुद्दे सांगून उपयोग नसतो. म्हणून विचारांशी वाद घालण्याआधी शरीराकडे वळा.

नाकाने ४ आकडे मोजत श्वास घ्या, ६ आकडे मोजत सोडा. साधारण ५ मिनिटं. सोडण्याचा वेळ लांबला की हृदयाची गती मंदावायला मदत होते. मोठमोठे श्वास ओढू नका, त्याने चक्कर येते. तशी आलीच तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. एक गोष्ट लोक विसरतात: हे शांत असताना रोज करून ठेवायचं असतं. पोहणं बुडताना शिकता येत नाही.

विचारांचा भोवरा फारच वेगाने फिरत असेल तर पाय जमिनीवर घट्ट टेका. दिसणाऱ्या ५ वस्तू, स्पर्शाला जाणवणाऱ्या ४, ऐकू येणारे ३ आवाज, २ वास आणि १ चव, असं सावकाश मनात मोजा. मन उद्यात हरवलेलं असतं, ज्ञानेंद्रियं मात्र कायम आत्ताच्या क्षणातच असतात. आखडलेल्या अंगासाठी अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेली रीत आजही वापरली जाते. मूठ ५ ते ७ सेकंद आवळायची आणि एकदम सैल सोडायची, मग खांदे, जबडा, पोट, पाय अशा क्रमाने.

चालणं, सायकल, पोहणं, जे जमेल ते करा. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण वाईट दिवसात १० मिनिटं चाललात तरी ती गमावलेली नाहीत. कॅफीन कमी करा. घेतलेल्यातलं निम्मं कॅफीन साधारण ५ तासांनंतरही शरीरात असतं आणि त्याने होणारी धडधड मनाला भीतीचीच वाटते.

अचानक छाती धडधडून, हातपाय गळून ‘आता मी मरणार’ असं वाटण्याचा झटका बहुधा काही मिनिटांत शिखर गाठतो आणि ओसरतो. तरी छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, तर ती भीतीच असेल असं स्वतः ठरवू नका. लगेच तपासून घ्या.

पायरी २: बातम्यांना वेळ नेमून द्या

सगळ्या पायऱ्यांतून एकच करता येणार असेल तर ही करा, इतकं मला तिचं महत्त्व वाटतं.

१५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी ४,६०० हून अधिक लोकांचा अभ्यास केला. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज ६ किंवा त्याहून जास्त तास त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र तणावाची लक्षणं आढळली, आणि ती स्फोटाच्या ठिकाणी किंवा जवळ असलेल्यांपेक्षाही अधिक होती. आधीपासून घाबरलेली माणसं जास्त बातम्या बघतात हेही खरं, त्यामुळे सगळा दोष पडद्यावर टाकता येत नाही. पण वर्तुळ दोन्ही बाजूंनी फिरतं. भीतीने बघतो आणि बघून भीती वाढते.

दिवसातून दोनदा, प्रत्येकी १५ ते २० मिनिटं एवढी वेळ ठरवा. झोपायच्या आधीचा आणि उठल्यानंतरचा पहिला तास टाळा. बातमी वाचा, शक्यतो पाहू नका. वाचताना आपला वेग आपल्या हातात असतो, व्हिडिओत तोच स्फोट दहा वेळा दाखवला जातो आणि मेंदू दहा वेळा दचकतो. फोनवरच्या सूचना बंद करा, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद करा. दोनच विश्वासाची ठिकाणं निवडा: एक अधिकृत, एक चांगलं वृत्तपत्र. घटना घडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत येणारी माहिती अर्धवट असते आणि बरीचशी पुढे बदलते, त्यामुळे संध्याकाळी वाचलेला सारांश दिवसभराच्या धावत्या बातम्यांपेक्षा सहसा जास्त खरा असतो. २०२० च्या फेब्रुवारीतच जागतिक आरोग्य संघटनेने साथीबरोबर खऱ्याखोट्या माहितीचीही साथ पसरत असल्याचा इशारा दिला होता.

बातमी वाचून झाली की स्वतःला विचारा: ‘यामुळे मी आज काही वेगळं करणार आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ते काम लिहून ठेवा. ‘नाही’ असेल तर पान बंद करा.

कुटुंबाच्या ग्रुपवर सतत येणाऱ्या भयंकर व्हिडिओंबद्दल बोलावं लागतं. भांडण नको. ‘मावशी, तुझ्या काळजीपोटी तू पाठवतेस हे मला कळतं. पण हे बघून मला झोप लागत नाही, तेवढे व्हिडिओ नको पाठवूस. काही तातडीचं असलं तर सरळ फोन कर,’ असं म्हटलं तर बहुतेक माणसं समजून घेतात.

आणि त्या अपराधीपणाबद्दल. पडदा बंद केल्याने तिथल्या कुणालाही आपण वाऱ्यावर सोडत नाही. मदत करायची तर विश्वासार्ह संस्थेला पैसे द्या, विस्थापित होऊन आलेल्यांसाठी वेळ द्या. रात्रभर बघून सकाळी थकून पडलेला माणूस कुणाच्याच कामाचा उरत नाही.

पायरी ३: काळजीची वही, दोन खाती

एक वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘घ्यायची काळजी’, उजवीकडे ‘करत बसलेली काळजी’. मनात येईल ते आधी लिहा, मग कुठल्या खात्यात जातं ते बघा.

‘बाबांना संसर्ग झाला तर?’ डावीकडे. कारण त्यांची लस, रोजची औषधं, डॉक्टरांचा नंबर, घरात हवा खेळती ठेवणं, ही कामं आपल्या हातातली आहेत. ‘तिसरं महायुद्ध झालं तर?’ उजवीकडे. पण तिथे ते जसंच्या तसं ठेवू नका. विचारा, ‘म्हणजे नक्की काय होईल याची मला भीती आहे?’ बहुतेक वेळा त्या मोठ्या शब्दाच्या पोटात लहान, ओळखीच्या गोष्टी निघतात. नोकरी जाईल. परदेशात शिकणारा मुलगा अडकेल. महागाईत घर चालणार नाही. यातल्या काही गोष्टी मग उचलून डावीकडे नेता येतात: मुलाच्या कागदपत्रांच्या प्रती, त्याच्या वसतिगृहाचा आणि दूतावासाचा नंबर, दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक हळूहळू साठवणं.

सगळं उचलून नेता येत नाही. उजवीकडे काहीतरी उरतंच, आणि ते उरणं म्हणजे तुमचा कमीपणा नव्हे. त्याच्यासाठी पुढे वेगळी जागा आहे.

पायरी ४: तयारी करा, आणि तिला शेवट द्या

दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटनमधल्या तज्ज्ञांना वाटत होतं की शहरांवर बॉम्ब पडू लागले की लोकांची मनं कोलमडतील, मानसिक रुग्णांचे लोंढे येतील. त्यासाठी रुग्णालयांत सोयही करून ठेवली होती. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात लंडनवर आणि इतर शहरांवर बॉम्बवर्षाव झाला. हजारो माणसं मेली, दुःख अफाट होतं, पण तेवढे रुग्ण आले नाहीत. कारणं अनेक असणार. मला त्यातलं एक मोलाचं वाटतं: असंख्य सामान्य माणसांना ठरलेलं काम होतं. कुणी आगीवर नजर ठेवायचं, कुणी निवाऱ्यात लोकांची व्यवस्था बघायचं. काम असलं की भीतीला धरायला हँडल मिळतं.

तयारीला मात्र तळ हवा. २०२२ च्या वसंतात युरोपातल्या अनेक देशांत लोकांनी पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्यांसाठी औषधांच्या दुकानांत गर्दी केली. या गोळ्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड ग्रंथीचं रक्षण करतात, इतर किरणोत्सारापासून नाही. त्या अधिकाऱ्यांनी सांगितल्यावरच घ्यायच्या असतात आणि चाळिशीनंतर त्यांचा फायदा कमी होतो. आपली तयारी धोक्यासाठी आहे की घबराटीला क्षणभर गप्प करण्यासाठी, हे खरेदीआधी विचारायला हवं.

माझी यादी छोटी आहे. दोन आठवड्यांची रोजची औषधं, महत्त्वाच्या कागदांच्या प्रती एका पिशवीत, कागदावर लिहिलेले फोन नंबर, टॉर्च आणि पॉवर बँक, प्रथमोपचाराची पेटी, आणि फोन बंद पडले तर घरच्यांनी कुठे भेटायचं ते ठिकाण. एका शनिवारी बसून हे पूर्ण करा, यादीखाली तारीख टाका आणि ६ महिन्यांनी पुन्हा बघा. मधल्या काळात मन ‘अजून काहीतरी हवं’ म्हणेल, तेव्हा त्याला ती तारीख दाखवा.

पायरी ५: उरलेल्या काळजीला वेळ द्या

उजव्या खात्यात उरलेलं दिवसभर डोकं वर काढतं. ‘विचार करू नकोस’ म्हटलं की तेच विचार दुप्पट येतात. १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी वेगळी रीत तपासली: काळजी दाबायची नाही, पुढे ढकलायची. रोज एकाच वेळी, एकाच जागी, २० ते ३० मिनिटं मनसोक्त काळजी करायची. संध्याकाळची वेळ चांगली, अंथरुणाच्या जवळची नको. इतर वेळी काळजी आली की तिचं नाव एका शब्दात वहीत टिपायचं, ‘साडेसहाला बोलू’ म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे परतायचं.

पहिल्या आठवड्यात हे बहुधा जमत नाही. दिवसातून तीस वेळा पुढे ढकलावं लागतं आणि साडेसहाला बसल्यावर आठवतच नाही की एवढं काय होतं. ते आठवत नाही, यातच रीत लागू पडायला लागल्याची खूण आहे. तरीही जी काळजी रोज टिकून राहते तिला उत्तर शोधू नका. ‘काय होईल मला माहीत नाही, आणि हे माहीत नसतानाही मला आज स्वयंपाक करायचा आहे’ असं वाक्य लिहा. अनिश्चितता सोसण्याचा हा स्नायू असतो आणि तो छोट्या गोष्टींनी बळकट होतो: एखादा संदेश परत न तपासता पाठवणं, एक दिवस आकडे न बघणं.

पायरी ६: खात्री मागणं कमी करा

‘मला काही होणार नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बरं वाटतं, पण ते बरं वाटणं फार टिकत नाही. मग पुन्हा विचारावं लागतं. तापमान पुन्हा मोजणं, लक्षणं पुन्हा इंटरनेटवर शोधणं ही त्याचीच रूपं. एकदम बंद करू नका. दिवसातून १० वेळा तापमान मोजत असाल तर या आठवड्यात ५, पुढच्या आठवड्यात २. आजारी असाल आणि डॉक्टरांनी मोजायला सांगितलं असेल तर अर्थातच त्यांनी सांगितलं तेवढं.

घरच्यांनी प्रत्येक वेळी ‘काही होणार नाही’ म्हणत राहू नये आणि वैतागूही नये. ‘तुला आत्ता खूप भीती वाटतेय हे दिसतंय मला. उत्तर मी सकाळी दिलंय, परत देणार नाही. चल, थोडं चालून येऊ.’ हे प्रेमाने म्हणता येतं.

झोपेबद्दल थोडक्यात: उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, बराच वेळ झोप लागली नाही तर उठून मंद प्रकाशात काहीतरी कंटाळवाणं वाचा. दारू पिऊन लागलेली झोप उत्तररात्री मोडते आणि दुसऱ्या दिवशी काळजी वाढवते.

घरात मुलं असतील तर

मुलांना काहीच कळत नाही, हा आपला समज. आपले चेहरे आणि अर्धवट ऐकलेली वाक्यं त्यांना पुरतात, आणि मोकळ्या जागा ती कल्पनेने भरतात. म्हणून सांगण्याआधी विचारा: ‘तू काय ऐकलंस?’ मग वयाला झेपेल तेवढं खरं सांगा. लहान मुलांना पडद्यावर पुन्हा दाखवलेला हल्ला पुन्हा झालेला हल्ला वाटू शकतो, त्यांच्यासमोर बातम्या नकोत. ‘आपल्याला कधीच काही होणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘आत्ता आपण सुरक्षित आहोत, आणि काही झालंच तर काय करायचं हे आम्ही मोठ्यांनी ठरवलंय’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. सारखं पोट दुखणं, पुन्हा अंथरुण ओलं होणं, आईला चिकटून राहणं ही भीतीची भाषा असू शकते, त्यावर रागावू नका. किशोरवयीन मुलांकडून फोन काढून घेण्यापेक्षा त्यांच्यासोबत बसून एखादी बातमी तपासा.

जवळचं माणूस संकटाच्या ठिकाणीच असेल तर

इथे वरचं बरंच अपुरं पडतं, हे मान्य करते. जीव टांगणीला लागलेला असताना ‘बातम्या कमी बघा’ हे ऐकायलाही नको वाटतं. तरी काही गोष्टी आधार देतात. बोलायची वेळ आधीच ठरवा आणि ‘फोन लागला नाही तर २४ तास नेटवर्क बंद असावं असं समजायचं’ असा काहीतरी करार करा, म्हणजे प्रत्येक न लागलेला फोन वाईट बातमी होत नाही. निरोप एका व्यक्तीकडे येऊ द्या, तिने बाकीच्यांना कळवावं. त्यांची बॅटरी वाचते आणि एकच भयंकर गोष्ट त्यांना दहा जणांना सांगावी लागत नाही. बाहेरची प्रत्येक अफवा त्यांना कळवू नका. ‘आज काय लागतंय?’ विचारा.

ती व्यक्ती सुखरूप परतली की ‘काय काय झालं सांग’ असा आग्रह नको. संकटानंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलून घेण्याची पद्धत एके काळी रूढ होती, पण तिने पुढचा आघात टळत नाही आणि काहींना त्रासच होतो असं अभ्यासांतून दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीन गोष्टी सांगितल्या आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. काय हवंय ते पाहा, ती बोलेल तेवढंच ऐका, आणि पुढच्या मदतीशी गाठ घालून द्या.

डॉक्टरांकडे कधी जायचं

काळजी बहुतेक दिवस, आठवडेच्या आठवडे टिकून राहिली, कामात किंवा नात्यांत अडथळा येऊ लागला, घराबाहेर पडणं बंद झालं, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार लागू लागला, तर वाट बघू नका. जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा तुमच्या देशातल्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. अशा वेळी त्या माणसाला एकटं सोडू नका.

अंदाजासाठी ‘जीएडी-७’ नावाची प्रश्नावली वापरली जाते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत ७ प्रश्न आहेत, गेल्या २ आठवड्यांबद्दलचे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र चिंता मानतात. १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला भेटावं. तिने निदान होत नाही, निदान डॉक्टरच करतात.

उपचारांत विचार आणि वर्तन बदलण्यावर काम करणारी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत चांगली तपासलेली आहे. काहींना औषधं लागतात. चिंतेवर नेहमी दिली जाणारी नैराश्यविरोधी औषधं परिणाम दाखवायला काही आठवडे घेतात, तोवर ती मनाने सोडू नयेत. लगेच शांत करणाऱ्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते. त्या दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका, आणि रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका.

पहिल्या भेटीला जाताना ती दोन खात्यांची वही सोबत न्या. झोप किती तास, कधीपासून त्रास, बातम्यांत किती वेळ जातो, कोणती औषधं चालू आहेत, हे शेवटच्या पानावर आधीच लिहून ठेवा. डॉक्टरांसमोर बसल्यावर शब्द सुचत नाहीत, घसा भरून येतो. अशा वेळी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली तरी चालतं.